काळ्या जमिनीवरील परसाची फरसबंदी

मराठवाड्यात गावाच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेताच्या जमिनीला ‘काळी’ म्हणण्याची चाल फार जुनी आहे. पीक काळीत घ्यावे व घर पांढरीवर बांधावे, असा या दोन शब्दांमागील व्यवहार होता. पांढरी पावसाने फुगत नाही व उन्हाळ्यात भेगाळत नाही. म्हणून तिच्यावरील भिंती, ओटे व अंगणे दोन-दोन पिढ्या टिकली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ही रीत गेल्या काही दशकांत मोडली. गावठाण अपुरे पडले, भाऊबंदांच्या वाटण्या झाल्या, विहिरीवर वीज आली, जनावरांची व पिकांची राखण शेतातच सोयीची ठरली आणि शेतवस्त्या वाढल्या. १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयामुळे गोदाकाठची अनेक गावे उठून नव्या जागी वसली. कित्येक घरे अशा रीतीने काळीवर आली. परंतु घर बांधणाऱ्यांच्या सवयी मात्र पांढरीवरच्याच राहिल्या.

त्याचा परिणाम घराच्या पुढच्या बाजूस उशिरा दिसतो, परसात लवकर दिसतो. न्हाणी परसात, मोरी परसात, भांडी घासण्याचा व धुणे धुण्याचा दगड परसात. मृगाचा पाऊस पडला की तेथे घोटाभर चिखल होतो. घरातील बायांना चार महिने त्याच चिखलातून हंडा उचलावा लागतो, लेकरे त्यातच खेळतात, आणि साठलेले पाणी डासांचे घर होऊन बसते. मग कोणी तरी दोन घमेली सिमेंट जास्त घालून कोबा करून घेतो. पहिल्या पावसाळ्यात तो उचलतो, दुसऱ्या उन्हाळ्यात तडकतो, आणि तडीतून पाणी शिरून थेट भिंतीच्या पायाशी जाते. कोबा फुटला याचे दुःख थोडे. पण भिंतीचा पाया भिजला म्हणजे घरालाच धोका असतो. पैसा खर्च होऊनही घर पूर्वीपेक्षा अधिक वाईट स्थितीत जाते. असे होण्यात गवंड्याचा किंवा सिमेंटचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो फरशीखालच्या दीड हात जमिनीकडे दुर्लक्ष करण्याचा.

जमिनीचा स्वभाव

या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. कोकणाच्या मानाने हा पाऊस काहीच नव्हे. तरीही कोकणातील जांभ्या दगडाचे अंगण शाबूत राहते आणि पैठण, गंगापूर किंवा वैजापूरकडील काळीतले अंगण वाकडे होते. याचे कारण पावसाच्या मापात नाही. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व पाणी गेले की आकसतात. चार महिने ओले आणि आठ महिने कोरडे अशा हवेत ही जमीन दरवर्षी एकदा वर येते व एकदा खाली बसते. वरचा कोबा कितीही जाड केला तरी तो या उचलीला पुरून उरत नाही.

फरसबंदी केल्यावर आणखी एक गोष्ट घडते व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. फरशीने झाकलेल्या मधल्या भागातील ओल उन्हाने उडत नाही, म्हणून तो भाग वर्षभर बहुधा एकसारखा राहतो. कडेची जमीन मात्र उघडी असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे फरसबंदी बहुधा मध्ये मोडत नाही, कडेने मोडते.

आपली जमीन किती फुगणारी आहे हे घरच्या घरी पाहता येते. काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. सरळ कडांचे दोन सारखे काचेचे पेले घेऊन दोन्हींत समान मापाने थोडी थोडी माती घालावी. एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल ओतून काडीने चांगले ढवळावे आणि एक दिवस व एक रात्र हलवू नये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्याच्या पेल्यातील मातीचा थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून उंच दिसला, तर ती जमीन बांधकामास फसवी समजावी. अभियंते प्रयोगशाळेत हीच परीक्षा मोजक्या वजनाने व मापाच्या नळ्यांत करतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही परीक्षा ग्रामसभेच्या दिवशी चारचौघांसमोर मांडून ठेवली, तर भाषणापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. खुलताबाद, कन्नड व सोयगावच्या डोंगराळ भागात जेथे वीतभर मातीखाली मुरूमच लागतो, तेथे ही काळजी फारशी करावी लागत नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात या प्रश्नावर मोठे काम केले. फुगणाऱ्या काळ्या जमिनीवर, न फुगणाऱ्या पण अंगची थोडी चिकटाई असलेल्या मातीचा दाबलेला थर दिला, तर खालच्या जमिनीची उचल वर पोहोचत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडील मऊ मुरूम अशा मातीच्या जातीचाच आहे. उचल जवळजवळ पूर्ण थांबवावयाची तर हा थर सुमारे एक मीटर जाड लागतो. परसासाठी एवढा खर्च कोणी करू नये. दीड फूट मुरूम आणि त्यावर हलवता येण्याजोगी फरशी, हा शेतकऱ्याच्या ऐपतीतील मध्यममार्ग होय.

काम केव्हा काढावे

घराचे काम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास काढून पावसापूर्वी संपवावे, ही सर्वसाधारण समजूत आहे. पांढरीवर ती ठीक होती. काळीवर मात्र वैशाखातच सर्वांत मोठी चूक घडते. त्या वेळी जमीन पूर्ण आकसलेली, भेगा हातभर खोल गेलेल्या असतात. अशा जमिनीवर फरशी बसवली म्हणजे तिला पुढे एकच दिशा उरते, ती वर येण्याची. याउलट भर पावसाळ्यात जमीन फुगलेली असते व पुढे ती खाली बसणार असते. म्हणून दिवाळी झाल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात काम काढावे. जमिनीत मध्यम ओल असते, टिकाव सहज चालतो, मुरूम दाबण्यास पाणी थोडे लागते व हवा थंड असल्याने चुना व सिमेंट सावकाश सुकतात. मका घरात येऊन कापसाची वेचणी चालू असते, हाताला माणसे कमी असतात, ही अडचण खरी आहे. तरी परसाचे काम चार-पाच दिवसांचेच असते. ज्याला उन्हाळ्यातच काम करणे भाग आहे त्याने खणलेल्या खड्ड्यात चार-पाच दिवस पाणी शिंपडून भेगा मिटवाव्यात व मगच मुरूम घालावा.

काम काढण्यापूर्वी पुरुषांनी एक करावे. दोरी घेऊन मोजू लागण्याआधी घरातील बायांना विचारावे. धुण्याचा दगड कोठे, रांजण कोठे, तुळशीवृंदावन कोठे, वाळवणाला ऊन दिवसभर कोठे मिळते, हे त्यांनाच ठाऊक असते. पापड, कुरडया, सांडगे यांचे वाळवण, ओल्या पावसाने भिजलेली मक्याची कणसे, भुईमुगाच्या शेंगा हे सारे याच फरशीवर पडणार असते. आधारभूत किमतीच्या खरेदीत मक्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि ओल्या मातीवर पसरलेल्या मक्याला खालून बुरशी लागते. बुरशीचा दाणा माणसालाही वाईट आणि जनावरालाही वाईट. परतीच्या पावसात दोन दिवस ऊन मिळाले की त्याच दोन दिवसांत माल वाळला पाहिजे. त्यासाठी लवकर निथळणारी व लवकर तापणारी फरशी शेतकऱ्याला खळ्याइतकीच मोलाची आहे.

पाया

भिंतीलगत १२ फूट लांब व भिंतीपासून १० फूट बाहेर अशी १२० चौरस फुटांची फरशी एका कुटुंबास पुरते. खड्डा मात्र तीन बाजूंनी एकेक फूट जास्त, म्हणजे १४ फूट व ११ फूट घ्यावा, कारण वर सांगितल्याप्रमाणे मोड कडेने सुरू होते आणि फरशीबाहेरचा हा फूटभर मुरूम तिला आधार देतो. खोली दीड फूट ठेवावी. घराचा पाया उथळ असेल किंवा भिंत माती-दगडाची असेल, तर भिंतीला लागून खणू नये. फूटभर जागा सोडून उतरत्या कडेने खणावे. निघालेली काळी माती फेकू नये. शेतात किंवा परसबागेत ती उपयोगी पडते. पण तिचा एक घमेलाही पुन्हा भरावात येता कामा नये.

येथे एका नेहमीच्या चुकीचा उल्लेख करणे अवश्य आहे. खड्डा झाला की त्यात शेतातील दगडगोटे टाकून भरण्याचा मोह होतो. दगड फुकट असतात, भरही लवकर पडते. परंतु काळ्या जमिनीतील खड्डा हा पेल्यासारखा असतो. त्याच्या बाजूंतून पाणी झिरपून जात नाही. दगडांच्या पोकळीत पावसाचे पाणी साठते, आठ-आठ दिवस राहते, आणि खालची जमीन जितकी फुगावयाची तितकी फुगते. म्हणून भराव पोकळ नको, दाट हवा. खड्ड्याच्या तळालाही भिंतीपासून दूर जाणारा थोडा उतार द्यावा व जागा उताराची असल्यास खालच्या कोपऱ्यातून एक अरुंद चर काढून ठेवावा, म्हणजे चुकून शिरलेले पाणी बाहेर पडेल.

मुरूम पिवळसर किंवा तांबूस, हाताने चुरणारा व थोडी चिकटाई असलेला घ्यावा. काळी माती मिसळलेला मुरूम स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो सहा-सहा इंचांच्या थरांनी पसरावा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे. मूठभर मुरूम दाबला असता गोळा झाला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये, आणि गोळा दोन बोटांत दाबताच दोन तुकडे व्हावेत, इतकीच ओल योग्य. मग धुम्मसाने तो इतका दाबावा की धुम्मस आपटल्यावर खणखणीत आवाज येऊन परत उसळेल. सहा इंचांचा थर दाबून साडेचार इंचांवर येतो. असे चार थर झाले की दीड फूट भरून जमिनीची पातळी येते. या मापाच्या खड्ड्याला मोकळा मुरूम सुमारे ३ ब्रास लागतो. पुष्कळ जण एकदम सारा मुरूम ओतून वरूनच धुम्मस मारतात. वरचे चार बोट घट्ट होते, खाली भुसभुशीत राहते, आणि पहिल्या पावसाने मध्ये खळगा पडतो.

फरशी, चुना आणि सिमेंट

सिमेंटचा कोबा की दगडी फरशी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पांढरीवर किंवा मुरमाड जागेवर कोबा चांगला. काळीवर फरशीच बरी. कोबा हा एकसंध असल्याने तो मोडला की मोडलाच, फोडून पुन्हा करावा लागतो. फरशी एखाद्या ठिकाणी उचलली किंवा बसली तर तेवढीच काढून पुन्हा बसवता येते. कोबाच करावयाचा असेल तर चार इंच जाडीचा खडीचा थर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणात करावा, दर सहा फुटांवर सांधा सोडून तो डांबर-वाळूने भरावा व किमान दहा दिवस ओले गोणपाट वर ठेवावे.

मराठवाड्यात फरशी बहुधा शहाबादी वापरतात. हा कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा चुनखडीचा दगड होय. परसासाठी ती घासून गुळगुळीत केलेली घेऊ नये. पावसात तिच्यावरून पाय घसरतो व म्हातारे माणूस पडले म्हणजे फरशीचा सारा लाभ वाया जातो. खडबडीत, किमान दीड इंच जाडीची फरशी निवडावी. पाऊण-एक इंचाची फरशी माणसाच्या पायाखाली टिकते, गाय-बैलाच्या खुराखाली टिकत नाही. चुनखडीचा दगड असल्यामुळे तिच्यावर न्हाणीसाठी आणलेले ॲसिड सांडू देऊ नये. परिसरातील काळा पाषाण घडवून घेता आला तर तो अधिक टिकतो, परंतु घडणावळ महाग पडते. जेथे जनावरे बांधावयाची तेथे मात्र खडबडीत काळा दगडच असावा.

फरशीखाली दोन इंचांचे अंथरूण लागते. ते एक भाग सिमेंट व सहा भाग वाळूचे केल्यास या मापास सुमारे ३ पोती सिमेंट पुरते. चांगला चुना व पक्क्या विटेची सुरखी मिळत असेल तर एक भाग चुना, एक भाग सुरखी व एक भाग वाळू असे घाणीत मळलेले मिश्रण याहून बरे. चुना सिमेंटइतका कठीण होत नाही, आणि काळ्या जमिनीवर तोच त्याचा गुण ठरतो. किंचित हालचाल झाली तरी तो लगेच उभा तडकत नाही. संभाजीनगर शहरात याचा पुरावा शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी सुरू केलेल्या नहरींच्या कामात पाणी वाहून नेणारी बांधीव वाट चुन्याचीच होती. बीबी का मकबऱ्यावरील गिलावाही चुन्याचाच आहे. अर्थात त्या कामांना चुना वर्षानुवर्षे मुरवणारे व मळणारे हात लाभले होते. भेसळीचा चुना आणून घाईने वापरण्यापेक्षा सिमेंट बरे, हेही तितकेच खरे.

फरशा जवळजवळ चिकटवून लावू नयेत. दोन फरशांमध्ये बोटाच्या अर्ध्या रुंदीची फट ठेवून दरजा नंतर भराव्यात. कडेला दगड उभे रोवून फरशीला बांध द्यावा. भिंत आणि फरशी यांचा मात्र सांधा कधीही पक्का करू नये. भिंत आपल्या पायावर उभी असते, फरशी मुरमावर. दोघींची हालचाल वेगळी. त्यांच्यात अर्धा इंच फट ठेवून ती डांबर मिसळलेल्या वाळूने भरावी. फरशीची पातळी घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. जोत्यावर चढलेली फरशी भिंतीला ओल पोहोचवते.

उतार भिंतीपासून बाहेर, दहा फुटांत दोन ते अडीच इंच द्यावा. एवढा उतार डोळ्यांना जाणवत नाही, बाज वाकडी होत नाही, पण पाणी थांबत नाही. गवंड्याची पाण्याची नळी धरून दोन्ही टोके तपासावीत. केवळ नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. पत्र्याची पागोळी फरशीवर पडत असेल तर तिला पन्हळ लावावी, अन्यथा एकाच ओळीत पाणी पडून दरजा धुऊन निघतात.

पाण्याची वाट

५० मिलिमीटरचा एक जोराचा पाऊस झाला तर या १२० चौरस फुटांवरून सुमारे ५५० लिटर पाणी वाहते. २०० लिटरची पावणेतीन पिंपे भरतील एवढे. सबंध पावसाळ्यात ते ७,००० लिटरांच्या आसपास जाते. शिवाय न्हाणी-मोरीचे पाणी वर्षभर येतच असते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते व त्यातले बरेचसे परसातूनच बाहेर पडते. फरशी केली पण या पाण्याची वाट केली नाही, तर चिखल फक्त दहा फूट पुढे सरकतो.

शोषखड्ड्याचा प्रसार सर्वत्र झाला आहे व तो योग्यच आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे व डास यांचा उपद्रव कमी केला, त्याची वाखाणणी राज्यभर झाली. परंतु काळ्या जमिनीवर एक अट पाळावी लागते. ही माती एकदा ओली झाली की पाणी जवळजवळ शोषत नाही. खड्ड्याचा तळ काळीतच राहिला तर तो शोषखड्डा न राहता डबके होतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. चार-सहा फुटांत मुरूम लागला तर खड्डा अवश्य करावा. तो घरापासून किमान १० फूट व विहीर किंवा हातपंपापासून किमान ५० फूट दूर असावा. पावसाचे पाणी त्यात सोडू नये, तेवढे पाणी तो पचवू शकत नाही. ते वेगळ्या नालीने शेताकडे काढावे.

मुरूम खोल असेल तर खड्ड्याचा आग्रह सोडून द्यावा. मोरीचे पाणी बांधीव नालीने परसबागेत न्यावे आणि तेथे केळी, कर्दळ, अळू लावावे. ही झाडे पाण्याला हपापलेली असतात व आपले काम चोख करतात. लिंब, पिंपळ यांसारखी मोठी झाडे मात्र फरशीपासून त्यांच्या पूर्ण उंचीइतकी दूर असावीत. उन्हाळ्यात त्यांची मुळे काळीतली उरलीसुरली ओल ओढून घेतात आणि त्या बाजूची फरशी खचते. आधीचे मोठे झाड उभे असेल तर ते तोडण्यापेक्षा फरशीची जागा बदलावी.

निगा

पहिल्या जोराच्या पावसात, पाऊस चालू असतानाच, फरशीवर उभे राहून पाणी कोठे थांबते ते पाहावे व तेथे खडूने किंवा कोळशाने खूण करावी. पाऊस उघडल्यावर खूण पुसली गेली तरी ओलीचा डाग राहतो. कार्तिकात ती फरशी पहारीने उचलून खाली कच किंवा अंथरुणाचे मिश्रण भरावे व पुन्हा ठोकून बसवावी. दोन वर्षे अशी एखाद-दुसरी फरशी हलते, त्यानंतर खालचा भराव स्थिर होतो. शेवाळ साचल्यास राख व काथ्याने घासून काढावे. मृगापूर्वी दरजा तपासून गेलेल्या भराव्यात, आणि भिंतीलगतची डांबराची फट उघडली असल्यास तीही त्याच वेळी भरून घ्यावी. कडेच्या मुरमावर गवत वाढू देण्यास हरकत नाही. ते पावसाचा मारा सोसते व मुरूम धरून ठेवते. फक्त तेथे उंदरांची बिळे दिसली तर ती लगेच मुरूम ठासून बुजवावीत, कारण पाणी आत शिरण्यास तेवढी वाट पुरते.